मराठवाड्याच्या कपारींत नवं प्रतिजैविक शोधायचं तर

गुहेतले सूक्ष्मजीव शोधायचे म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव अजिंठा-वेरूळचं निघतं. तिथं नमुने घेण्याचा विचार आधी सोडून द्या. ही संरक्षित स्मारकं आहेत, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय भिंतीला कापूसही लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत, त्या गिलाव्यात भुसा आणि गवताचे तंतू आहेत. ओला स्वॅब फिरवला की तिथं बुरशीला आमंत्रण मिळतं. शिवाय विज्ञानाच्या अंगानंही लेणी निराश करतात. दर्शनी भाग उघडा, ऊन आत येतं, रोज शेकडो माणसांची त्वचा आणि श्वास तिथं झडतो. प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, मग बॅसिलस आणि माणसाच्या अंगावरचे स्टॅफिलोकोकस उगवतात.

खरी जागा म्हणजे अंधारी आणि उपाशी. जिथं अन्न कमी, तिथं शेजाऱ्याला रोखणारं रसायन बनवणारा टिकतो, असा यामागचा तर्क आहे. इटलीतल्या ग्रोत्ता देई चेर्वी गुहेच्या भिंतीवरच्या स्ट्रेप्टोमायसिस टेंडे या जिवाणूतून सर्व्हिमायसिन हे प्रतिजैविक मिळालं ते असंच. अमेरिकेतल्या लेचुगिया गुहेतले काही जिवाणू तर चौदा प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, असं 2012 च्या अभ्यासात दिसलं. ती गुहा लाखो वर्षं माणसापासून तुटलेली होती, म्हणजे ही लढाई औषधाच्या दुकानापेक्षा फार जुनी आहे.

आपल्याकडे चुनखडीच्या खोल गुहा नाहीत, काळा बेसॉल्ट आहे. म्हणून लाव्हाच्या दोन थरांमधल्या कपारी, त्यांच्यामधला तांबडा मातकट थर, डोंगरातली नैसर्गिक भुयारं आणि पाझराजवळचे पांढरे कॅल्साइटचे पापुद्रे, हे शोधायचं. जागा गौताळ्यासारख्या अभयारण्यात असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. पुढं व्यावसायिक उपयोग करायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, 2002 नुसार राज्य जैवविविधता मंडळाची आणि पेटंटसाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आधीच समजून घ्या. पेटंटच्या वेळी ती गळ्याशी येते.

जिवाचा भाग आधी. वटवाघळांच्या विष्ठेतून हिस्टोप्लाझ्मोसिसची बुरशी छातीत जाते, म्हणून एन-95 मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे हवेतच. 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) निपाह विषाणूचा पुरावा सापडला होता. वटवाघळं असलेल्या खोलीत शिरू नका, त्यांना हात लावण्याचा तर प्रश्नच नाही. बंद भुयारात कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, आपल्याकडे विहिरीत उतरलेली माणसं त्यानंच जातात. मेणबत्तीवर भरवसा ठेवू नका, गॅस मीटर वापरा, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला की बाहेर या. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तो दिवस सोडा.

नमुना जास्त लागत नाही. निर्जंतुक स्पॅच्युलानं वरचा थर बाजूला सारून खालची 5 ते 10 ग्रॅम माती निर्जंतुक नळीत घ्यायची. दगडासाठी 0.85 टक्के सलाइनमध्ये भिजवलेला स्वॅब. तोंडाजवळून, मधून आणि पूर्ण अंधारातून वेगळे नमुने, शिवाय बाहेरच्या मातीचा एक. हा बाहेरचा नमुना लोक हटकून विसरतात, आणि मग प्लेटवर आलेला जिवाणू गुहेतला की वाऱ्यानं आत आलेला, हे कधीच कळत नाही. त्याच कारणासाठी एक उघडी प्लेट पंधरा मिनिटं आत ठेवा. तापमान, आर्द्रता, पीएच जागेवरच लिहा. नळ्या बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला थेट न टेकवता. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेला नमुना फेकून दिलेला बरा, त्यात तोवर भलतेच जिवाणू माजलेले असतात.

प्रयोगशाळेत निम्मी माती तशीच ठेवा, निम्मी स्वच्छ कागदावर आठवडाभर सुकवून मग 100 अंशांवर एक तास कोरडी तापवा. यात लवकर वाढणारे बरेच जिवाणू मरतात, ॲक्टिनोमायसिटीसचे (स्ट्रेप्टोमायसिस ज्यात मोडतो तो जिवाणूंचा गट) बीजाणू तगतात. बॅसिलसचे बीजाणूही तगतात, त्याला इलाज नाही.

माध्यमाबाबत, म्हणजे जिवाणूंना वाढायला दिलेल्या अन्नाबाबत, आमचं मत पक्कं आहे: भरपूर अन्नाचं न्यूट्रिएंट अगर (अगर म्हणजे माध्यम गोठवणारा पदार्थ) इथं घातक. उपाशी राहायची सवय असलेला जिवाणू त्यावर मागे पडतो आणि आगंतुक प्लेट व्यापतात. स्टार्च केसीन अगर घ्या. एक लिटरला स्टार्च 10 ग्रॅम, केसीन 0.3, पोटॅशियम नायट्रेट 2, मीठ 2, डायपोटॅशियम फॉस्फेट 2, मॅग्नेशियम सल्फेट 0.05, कॅल्शियम कार्बोनेट 0.02, फेरस सल्फेट 0.01 आणि अगर 18 ग्रॅम, पीएच 7.2. दुसरा संच याच्या एक दशांश ताकदीचा करा. फक्त अगर मात्र पूर्ण 18 ग्रॅमच. अगरही दहापट कमी केला की प्लेट गोठतच नाही. माध्यम 45-50 अंशांवर आलं की बुरशीसाठी सायक्लोहेक्झिमाइड 50 आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंसाठी नॅलिडिक्सिक ॲसिड 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली घाला. सायक्लोहेक्झिमाइड विषारी आहे, हातमोजे काढून हाताळू नका.

मातीचं द्रावण दहाच्या पटीत 10⁻⁴ पर्यंत विरळ करून प्रत्येकाचे 100 मायक्रोलिटर पसरवा. युरोपातले शोधनिबंध वाचून लोक 12-15 अंशांवर प्लेट ठेवतात. तिथल्या गुहा थंड आहेत म्हणून तसं. खोल कपारीचं तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असतं, आपल्याकडे ते पंचविशीच्या आसपास येतं. म्हणून बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) 25 अंशांवर लावा, आणि दोन महिने थांबा. एवढ्यात प्लेट सुकते, म्हणून ती 25 मिलीची जाड ओता, कडेला पॅराफिल्मची (ताणली जाणारी मेणाची पट्टी) पट्टी लावा आणि डब्यात ओला कापूस ठेवा. वीज गेली-आलीची वेळ लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात आलेल्या वसाहतींवर (जिवाणूंच्या ठिपक्यांवर) खूण करा, पण त्यांच्यासाठी प्लेट संपवू नका. चामड्यासारख्या घट्ट, वरून खडूची भुकटी पडल्यासारख्या उशिरा येणाऱ्या वसाहती आपल्या.

आता सर्वांत फसवी पायरी. वसाहत मूळ प्लेटवरून उचलून थेट ई. कोलायवर तपासली तर स्वच्छ गोल झोन, म्हणजे ई. कोलाय न वाढलेलं वर्तुळ, दिसतो आणि आनंद होतो. तो झोन बहुतेकदा प्लेटमधल्या नॅलिडिक्सिक ॲसिडचा असतो. आधी औषधविरहित माध्यमावर दोन-तीनदा पुनर्लागण करा. मग 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिली द्रव माध्यमात जिवाणू, हलवणाऱ्या यंत्रावर सात दिवस, मिनिटाला 150 फेरे. गाळलेल्या द्रवात तेवढंच इथाइल ॲसिटेट घालून दोनदा अर्क काढा, 40 अंशांच्या आत आटवा, मिथेनॉलमध्ये विरघळवून 6 मिलिमीटरच्या डिस्कवर 20 मायक्रोलिटर. डिस्क पूर्ण वाळू द्या. सोबत नुसत्या मिथेनॉलची आणि जिवाणू न लावलेल्या माध्यमाच्या अर्काची डिस्क हवीच. चाचणीचा जिवाणू 0.5 मॅकफार्लंड (द्रवाच्या गढूळपणाचं माप), म्युलर-हिंटन अगर या चाचणीच्या ठरलेल्या माध्यमावर.

झोन आला म्हणजे काहीतरी मारक आहे, एवढंच. ते नवं आहे का, हा प्रश्न इथून सुरू होतो, आणि बहुतेक उमेदवार इथंच गळतात. मारकपणा अर्कात न येता पाण्यातच राहिला तर स्ट्रेप्टोथ्रिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन या जुन्याच प्रतिजैविकांचा संशय आधी घ्या. अर्क नारिंगी-पिवळा आणि 440 नॅनोमीटरजवळ शोषण असेल तर ॲक्टिनोमायसिन, ते वारंवार सापडतं आणि माणसाच्या पेशींनाही मारतं. त्यानंतर एलसी-एमएस (संयुगं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) करून वस्तुमान ज्ञात संयुगांशी ताडायचं, सोबत जिवाणूची जात ओळखायला 16एस जनुकाचा क्रम. जिवाणू नवा निघाला म्हणून संयुग नवं ठरत नाही, आणि उलटही तितकंच खरं: सर्व्हिमायसिन देणारी स्ट्रेप्टोमायसिस टेंडे ही आधीच माहीत असलेली जाती होती.

झोन न दिलेले जिवाणूही टाकू नका. माध्यम बदललं, किंवा शेजारी दुसरा जिवाणू वाढवला, की गप्प असलेली जनुकं कधी कधी चालू होतात. 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर ठेवा. तो फ्रीजर कॉलेजात नसेल तर निर्जंतुक कोरड्या मातीत बीजाणू घालून बंद नळ्या चार अंशांवर ठेवा, ॲक्टिनोमायसिटीस त्यात वर्षानुवर्षं टिकतात. महत्त्वाच्या जिवाणूची एक प्रत पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या संग्रहात जमा करा, आणि नळीच्या कागदी चिठ्ठीवर जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, माध्यम पेन्सिलीनं लिहा. शाई अल्कोहोलनं पुसली जाते.