पालखीचा मान आणि मुंबईची वाट

आपल्या गटातून वरच्या गटात जाता येईल असे माणसाला वाटते की नाही, यावर तो पुढे काय करणार हे पुष्कळ अंशी ठरते, असे हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडले. वाट मोकळी वाटली तर माणूस एकटा निघतो. ती बंद आहे अशी खात्री पटली तर बरोबरीच्या लोकांना घेऊन तो मूळ व्यवस्थेलाच हात घालू शकतो.

कोकणात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याची वतनदारी, वंशपरंपरेने चालत आलेली असल्यामुळे कितीही राबले तरी आपण खोत होणार नाही, हे कुळाला पक्के ठाऊक होते. म्हणून कोणी मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली, तर अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून काही वर्षे जमिनी न कसता संप चालवला. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेले विधेयकही चार कुळांना वर चढवण्यासाठी नव्हते, खोतीच नाहीशी करण्यासाठी होते. तसा कायदा पुढे 1949 मध्ये झाला.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आज मला अधिक विचारात पाडतो तो शिमगा. मुंबईत स्वतःचे घर घेतलेला, मुलीला डॉक्टर केलेला चाकरमानी आपल्या कर्तृत्वाने माणूस कुठेही पोहोचतो असे मनापासून मानतो. पण सहाणेवर, म्हणजे ग्रामदेवतेची पालखी बसवण्याच्या जागी, पालखी आली की पहिला मान कोणाचा, ओटी आधी कोणी भरायची, हा क्रम मानकऱ्यांच्या घराण्यांप्रमाणेच लागतो आणि तोच माणूस आपली पाळी येईपर्यंत मुकाट्याने मागे उभा राहतो. त्याला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही, कारण मुंबईतली सीमा ओलांडण्यासारखी आणि गावातली देवाने आखलेली, असे त्याच्या मनाने केव्हाच ठरवून टाकलेले असते.

त्यात एखाद्या वाडीतला मुलगा अधिकारी झाला की "तो झाला ना, मग तुम्ही का नाही?" असे उरलेल्यांना ऐकवले जाते. हे मला फार अन्यायाचे वाटते. एकासाठी दार किलकिले झाले म्हणून ते सर्वांना उघडे आहे असा समज पसरतो, आणि मिळून काही मागण्याची धमक त्या समजापायी ओसरते.

मानाचा क्रम बदलण्याचा विषय गावकीच्या बैठकीत निघायला हवा, आणि तो चाकरमान्यांनीच काढावा. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी त्यांच्याकडून घेताना घराणे कोणते, हे कोणी विचारत नाही.