विटेनबर्गचा रविवार

शनिवारी बर्लिनहून निघाले आणि पाऊण तासाच्या आत विटेनबर्गला उतरले. स्टेशनाच्या पाटीवर गावाच्या नावाआधी 'ल्यूथरश्टाट' असं लिहिलंय, म्हणजे ल्यूथरचं शहर. मार्टिन ल्यूथर हा सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात त्याच्यापासून झाली. मी नगरची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये आमच्या गावात काम सुरू केलं आणि त्यातूनच आमची प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. त्यामुळे या पाटीखाली पाय ठेवताना आजोळी आल्यासारखं वाटलं.

सगळे जातात तशी मीही आधी किल्ल्याच्या चर्चच्या दाराशी गेले. ३१ ऑक्टोबर १५१७ या दिवशी ल्यूथरने पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, ते याच दारावर ठोकले असं सांगतात. ठोकले की नाही यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्या तारखेला त्याने ते माइन्झच्या आर्चबिशपना पाठवले, हे मात्र पक्कं. जुनं लाकडी दार १७६० च्या युद्धात जळालं. आज आहे ते १८५८ मधलं, कांस्याचं, आणि त्यावर सगळे मुद्दे लॅटिनमध्ये ओतलेले आहेत. पहिल्याच मुद्द्याचा आशय असा, की श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, असं ख्रिस्ताला अभिप्रेत आहे. तो पश्चात्ताप पैसे मोजून कसा उरकणार? याच चर्चमध्ये तेव्हाच्या राजाने संतांचे एकोणीस हजारांच्या आसपास अवशेष जमवले होते आणि त्यांच्या दर्शनानेही शिक्षा माफ होते अशी समजूत होती. आता व्यासपीठापाशी ल्यूथरची साधी कबर आहे. मी तिथे पाच मिनिटं उभी राहिले.

पण माझं मन अडकलं ते क्रानाखच्या वाड्यात. ल्यूकस क्रानाख हा राजाचा चित्रकार आणि ल्यूथरचा मित्र. ल्यूथरने वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहून अकरा आठवड्यांत बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला. तो सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबर्गमध्ये छापला गेला. तीन हजारांच्या आसपास प्रती निघाल्या आणि इतक्या भराभर संपल्या की डिसेंबरमध्ये दुसरी आवृत्ती काढावी लागली. भाषांतर कसं करावं हे सांगताना ल्यूथर म्हणतो, की घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना आणि बाजारातल्या माणसाला विचारा, त्यांच्या तोंडाकडे बघा. मला हे वाक्य फार थोर वाटतं. देवाचं वचन कळण्यासाठी बाजारात जायचं!

वाड्याच्या अंगणातल्या छापखान्यात अजून हाताने छपाई करून दाखवतात. तिथल्या बाईंनी शिशाचा एक खिळा माझ्या तळहातावर ठेवला. अक्षर उलटं, कडा गुळगुळीत झालेल्या, आणि आकाराच्या मानाने चांगलाच जड. मला केडगाव आठवलं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून सगळं बायबल मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे जुळवण्याचं नि छपाईचं काम मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केलं. ज्यांना घराने आणि समाजाने टाकलं होतं, त्या बायकांनी. विटेनबर्गला सुरू झालेलं काम माझ्या लेखी तिथे पोचलं. माझी आजी वाचायला शिकली ती शुभवर्तमानावरच. शेवटपर्यंत ओळीखाली बोट ठेवून वाचायची.

रविवारी सकाळी गावातल्या चर्चला गेले. ल्यूथर इथेच उपदेश करायचा. आत शिरण्याआधी बाहेरची भिंत बघावी लागते. तिथे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचं एक दगडी शिल्प आहे, डुकराच्या आडून यहुदी लोकांची किळसवाणी विटंबना करणारं. ल्यूथरने १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं तेही असंच विषारी आहे. शिल्पाखाली जमिनीत १९८८ मध्ये स्मरणफलक बसवला आहे. ज्याने माझ्या आजीच्या हातात पुस्तक दिलं, त्यानेच हेही लिहिलं. मला हे टाळून पुढे जाता येत नाही, आणि आपल्या मंडळ्यांतूनही ते स्वच्छ सांगितलं जावं असं मला वाटतं.

आत वेदीवर क्रानाख पितापुत्रांचं १५४७ चं चित्र आहे. मधल्या भागात प्रभूचं शेवटचं भोजन, आणि मेज चक्क गोल! त्या मेजाला ना मानाची जागा, ना शेवटची. शिष्यांमध्ये दाढीवाला ल्यूथर बसलाय आणि पेला त्याच्या हाती येतोय. त्याआधी कित्येक शतकं सामान्य भाविकांना नुसती भाकर मिळायची, प्याला पाळकांपुरता. खालच्या पट्टीत ल्यूथर व्यासपीठावरून क्रूसावरच्या ख्रिस्ताकडे बोट दाखवतो, समोर बायाबापड्या, पोरं. बंद खोली, तरी ख्रिस्ताच्या कमरेचं वस्त्र वाऱ्यावर उडतंय. नगरला प्रभुभोजनाच्या रविवारी छोटा पेला हातात येतो, तेव्हा यापुढे मला हे गोल मेज दिसणार.

उपासना सुरू झाली. भिंतीवर लाकडी फळीवर गीतांचे आकडे लावलेले, अगदी आमच्या चर्चसारखे. एक आकडा होता ३६२. हे ल्यूथरने बायबलमधल्या शेहेचाळिसाव्या स्तोत्रावरून रचलेलं गीत. ल्यूथरच्या चळवळीने गाणं गायकवृंदाकडून सगळ्या मंडळीच्या तोंडी आणलं. १५२४ मध्ये त्यांचं पहिलं गीतपुस्तक निघालं, त्यात गीतं फक्त आठ. पुढे आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवलं, तेव्हा आमचं गाणं खऱ्या अर्थाने आमचं झालं. आता तर वसईच्या कॅथलिक चर्चमध्येही मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, मराठीत होते. रोमने ही मुभा १९६० च्या दशकात दिली, ल्यूथरनंतर साडेचारशे वर्षांनी.

ऑर्गन वाजला. मला जर्मन येत नाही, पण चाल पाठ आहे. शेजारच्या आजींनी त्यांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि ओळीखाली बोट धरलं. मी डोळे मिटून स्तोत्राचेच शब्द चालीत बसवत गेले, देव आमचा आश्रय व सामर्थ्य आहे. बसत नव्हते ते ओढून बसवले. गीत संपल्यावर आजींनी हळूच विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हटलं, मराठी. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला, आणि पुढच्या गीताचं पान काढून दिलं.