तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आमचा मुलगा कॅथलिक शाळेत जातो

भारतातून फोन आला की, नाहीतर इथे मेलबर्नमध्ये गणपतीच्या आरतीला कोणी नवीन भेटलं की हा प्रश्न ठरलेला. "तुमच्याकडे तर रोज रामरक्षा म्हणतात ना, मग कॅथलिक शाळा कशी काय?" आणि मग आवाज खाली करून, "बाटवत नाहीत ना गं?"

खरं कारण सांगू का, शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. बास. फी आहे, पण डोळे पांढरे होतील अशी नाही, कारण इथे कॅथलिक शाळांना सरकारच पैसे देतं. त्याचीही एक गोष्ट आहे. 1962 साली गोलबर्न नावाच्या गावात एका कॅथलिक शाळेला टॉयलेट वाढवायला सांगितलं, तर गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळाच बंद ठेवल्या आणि पोरं नेऊन सरकारी शाळांच्या दारात उभी केली, घ्या आता तुम्हीच शिकवा म्हणून. पुढे काही वर्षांत सरकारी मदत सुरू झाली. मला हे वाचून इतकं आपल्याकडचं वाटलं!

तर बाटवत नाहीत. आमच्या शाळेत तिसरीतल्या मुलांचं रिकन्सिलिएशन असतं, म्हणजे पहिलं कन्फेशन, फादरसमोर आपल्या चुका कबूल करायच्या, ते बाप्तिस्मा झालेल्या मुलांनाच. पण धर्माचा तास सगळ्यांना असतो, त्यामुळे आमच्या चिरंजीवांनाही पाप, माफी, परत नातं जोडणं हे सगळं शिकवलं. मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, इतर मुलं कम्युनियन, म्हणजे आपल्या प्रसादासारखं, घेतात तेव्हा हा छातीवर हात दुमडून जातो, फादर आशीर्वाद देतात, हा परत येऊन बसतो. घरी आल्यावर देवघरासमोर पण तसेच हात दुमडले एकदा, सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, काही बोलल्या नाहीत.

आणि "फादरबरोबर बंद खोलीत?" हा प्रश्न मलाही पडला होता, का पडू नये. मुलांवरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी इथे रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, 2017 ला रिपोर्ट आला, त्यात चर्चचं जे बाहेर आलं ते वाचवत नाही. मुलांचं कन्फेशन उघड्यावर, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच व्हावं असं त्यात म्हटलंय. 2019 मध्ये व्हिक्टोरियाने, म्हणजे आमच्या राज्याने, कायदाच केला की असा अत्याचार कन्फेशनमध्ये कळला तरी फादरने तो सरकारला कळवायचा. आमच्याकडे चर्चमध्ये सगळ्यांसमोर दोन खुर्च्या टाकतात, आईबाप मागच्या बाकावर.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या पहिल्या कन्फेशनच्या आधी शाळेत एक फॅमिली ईव्हनिंग असते, सगळ्यांना बोलावतात, आम्हालाही. मुलगा आणि आईबाप समोरासमोर बसवले, हातात कागद, एकमेकांना कशाबद्दल सॉरी म्हणायचंय ते लिहा. मी गडबडले. कारण आमच्या घरात मोठ्यांनी लहानाला सॉरी म्हणायची पद्धतच नव्हती हो, बाबांचं चुकलं की ते संध्याकाळी कलिंगड घेऊन यायचे, तीच माफी. मी कसंबसं लिहिलं की पाढे चुकलास म्हणून शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी ओरडले. त्याने लिहिलं होतं की आजीचा फोन आला की मी मराठी कळत नाही असं दाखवतो.

वाचून मला काय बोलावं कळेना. नवरा छताकडे बघत होता.

शाळेत मुलांचं भांडण झालं की ओरडत नाहीत, ठरलेले प्रश्न विचारतात, काय झालं, कोणाला त्रास झाला, आता ते नीट कसं करशील. पुढच्या रविवारी त्याने स्वतःहून आजीला सांगितलं, मोडक्यातोडक्या मराठीत. आजी म्हणाली, "ठाऊक होतं मला, कार्टून बघत असायचास. इंग्रजीत बोल, मी तीस वर्षं शिकवलंय." झालं, आता दोघं मिळून शब्दकोडं सोडवतात.

मे अखेरीला परत तोच शब्द, तेव्हा हा गोंधळला, "आई, कुठलं रिकन्सिलिएशन?" इथे 27 मे ते 3 जून हा आठवडा मूळ रहिवाशांबरोबरच्या समेटाचा असतो. मूळ रहिवाशांना जनगणनेत मोजायचं ठरलं ते 1967 चं सार्वमत आणि त्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य झाला तो 1992 चा माबो खटल्याचा निकाल, त्या दोन तारखा. टीचरने 2008 चं तेव्हाचे पंतप्रधान रड यांचं भाषण दाखवलं, आईबापांपासून तोडलेल्या मूळ रहिवाशांच्या मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली ते. आणि मेरी मॅकिलॉपची गोष्ट तर त्याला तोंडपाठ, ऑस्ट्रेलियाची पहिली संत, तिला 1871 मध्ये बिशपनेच चर्चबाहेर काढलं होतं आणि पाचेक महिन्यांनी स्वतः मरणाच्या दारात असताना त्याने ते मागे घेतलं. "म्हणजे बिशपनेपण सॉरी म्हटलं!" हे तो दहा वेळा सांगतो, मुख्यतः मला.

मी सुधारले वगैरे समजू नका. जाऊबाईंशी घराच्या वाटणीवरून चार वर्षं बोलणं नाही. संक्रांतीला गोड बोला म्हणून फॉरवर्ड मात्र जातो, यंदा तर तिने पाठवलेलाच फोटो मी तिला परत पाठवला, न बघता. मुलाने विचारलं, काकूला काय झालं, कोणाला त्रास झाला, आणि मी कुकर लावायला उठले.

हां, ॲडमिशनचं विचारत होतात. आधी कॅथलिक मुलं घेतात, जागा उरली तर आपण. फॉर्ममध्ये बाप्तिस्म्याच्या सर्टिफिकेटचा रकाना असतो, तो रिकामा सोडायचा.