तुम्ही विचारलंत म्हणून: ती मुलं ऑनलाइन कशी शिकली?

"तुमची ती मुलं लॉकडाऊनमध्ये कशी शिकली हो? त्यांना ऑनलाइन जमायचं का?"

हा प्रश्न मला अजूनही विचारतात. लग्नकार्यात विचारतात, रिक्षावाले विचारतात, परवा मंडईत नारळ घेताना जुन्या शेजारणीने विचारलं. दोन्ही हातात पिशव्या होत्या, मी म्हटलं, जमलं कसंबसं, आणि निघाले. पण घरी येईपर्यंत मनात तेच घोळत होतं, कारण ते उत्तर खरं नव्हतं. म्हणून आता नीट लिहिते.

मी पुण्यात, सातारा रोडच्या आतल्या बाजूला एका छोट्या विशेष शाळेत शिकवते. माझ्या वर्गात तेव्हा आठ मुलं होती, १० ते १६ वयाची, कारण आमच्याकडे वर्ग वयावर नाही, काय जमतं त्यावर ठरतो. काही ऑटिझमची, दोघं डाऊन सिंड्रोमची, एक सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेली मुलगी, बाकीची बौद्धिक अक्षमता असलेली. आणि आम्ही शिकवतो म्हणजे काय शिकवतो हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. टी-शर्ट घालायला शिकवायचं तर डोकं, दोन्ही हात सगळं आम्ही घालून देतो आणि पोटावरून खाली ओढायचं शेवटचं काम तेवढं मुलाने करायचं, की लगेच शाबासकी. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी, मग त्याच्या आधीची. उलटं शिकवतो, शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरं केल्याचा आनंद मुलाला मिळतो. एका टी-शर्टाला सहा महिने जातात कधीकधी. आणि हे सगळं शेजारी बसून, त्याच्या हातावर आपला हात ठेवून चालतं. मग अख्ख्या देशाला सांगितलं गेलं की सहा फूट लांब राहा.

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले पेशंट पुण्यातच सापडले, दुबईहून आलेलं जोडपं, नायडू हॉस्पिटलमध्ये ठेवलेलं, त्यामुळे इथे भीती जरा आधीच पसरली होती. आठवड्याभरात शाळा बंद. आम्ही मुलांना सोडताना "सोमवारी भेटू" म्हणालो होतो. हे वाक्य मला फार लागलंय, कारण आमच्यातल्या काही मुलांसाठी सोमवार म्हणजे सोमवारच असतो.

ऑटिझम असलेला एक मुलगा, तेव्हा तेरा वर्षांचा, रोज सकाळी युनिफॉर्म घालून दप्तर लावून दारात उभा राहायचा. आठ चाळीसला व्हॅनचा हॉर्न वाजायचा ना, तो वाजत नव्हता. दहा वाजेपर्यंत उभा, मग रडणं, मग स्वतःच्या मनगटाला चावणं. त्याच्या आईचा फोन आला की ताई याला सांगू काय, आणि कोरोना ही गोष्ट चित्रात कशी काढायची हे मलाही माहीत नव्हतं. घरी भिंतीवर त्याचं चित्रांचं वेळापत्रक होतं, त्यातला शाळेचा फोटो काढून ठेवा म्हटलं आणि तिथे घराचा फोटो लावा. आईने लावला. त्याने तो काढून शाळेचा परत लावला. असं नऊ दिवस चाललं. फोनवरची ती खोकल्यापासून सुरू होणारी कॉलर ट्यून मात्र त्याला खोकल्यासकट पाठ झाली, दिवसभर तीच म्हणायचा.

त्याचं पुढे काय झालं तर आमच्या व्हॅनवाल्या काकांची कमाई बंद पडली होती, त्यांनी मे महिन्यात त्याच व्हॅनमधून भाजी विकायला सुरुवात केली. एका सकाळी ते त्याच्या गल्लीत गेले आणि हॉर्न वाजवला. पोरगं दप्तर घेऊन धावत आलं, दार सरकवलं आणि मेथीच्या जुड्या आणि कांद्याच्या पोत्याच्या मध्ये आपल्या नेहमीच्या खिडकीशी जाऊन बसलं. काका काही बोलले नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून त्याला परत दारात आणून सोडलं, तो उतरला, घरात गेला, दप्तर जागेवर ठेवलं. त्या दिवशी चावला नाही. मग गल्ली सील नसेल तेव्हा काका रोज यायचे, भाजी विकली जावो न जावो. त्या महिन्यात त्या मुलासाठी जे काही झालं त्यातलं सगळ्यात मोलाचं काम काकांनी केलं, मी नाही, आणि हे मी शाळेच्या मीटिंगमध्येही सांगितलंय.

आता ऑनलाइनचं. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉलवर तेव्हा एका वेळी चारच जण घेता यायचे, एप्रिलच्या शेवटी ती मर्यादा आठ झाली. बहुतेक घरांत फोन एकच, तो वडिलांचा, आणि वडील कुणी वॉचमन, कुणी हॉस्पिटलात वॉर्डबॉय, म्हणजे लॉकडाऊनमध्येही कामावर. मग आमची शाळा रात्री नऊला भरायची. मुलं झोपेला आलेली, मी स्क्रीनवर टाळ्या वाजवतेय, गाणं म्हणतेय. एक मुलगी मी दिसले की फोन उलटा करून मागे बघायची, ताई मागे कुठे आहे का, मग पुढून स्क्रीनचा पापा घ्यायची आणि कॉल कट व्हायचा. दोन आठवड्यांत मला कळलं की मुलांना शिकवणं या फोनमधून होणार नाही, आयांना शिकवणं होईल.

म्हणून साधनं सगळी घरातली घेतली. शाळेत चिकणमाती तर घरी कणीक, मणी ओवण्याऐवजी मटार सोलणं, राजमा आणि हरभरे मिसळून परत वेगळे करणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, त्याने बोटांना जोर येतो. मी आयांना फोनवर सांगायचे, तुमचा हात त्याच्या हातावर ठेवा, आता थोडा सैल सोडा, आता काढा, नाही नाही लगेच नका काढू. वीस वर्षं जे माझ्या हाताला माहीत होतं ते शब्दांत सांगायला मी तेव्हा शिकले. काही आया माझ्यापेक्षा चांगल्या निघाल्या.

पण मग एका रात्री एक आई कॅमेरा बंद करून म्हणाली, ताई, आज काही नको शिकवू, मला फक्त झोप पाहिजे. तिचा मुलगा रात्री दोनला उठतो, कधीच सलग झोपत नाही. आधी तो सकाळी व्हॅनमध्ये बसला की ती दोन तास झोपायची, मग उठून दुसऱ्यांकडे पोळ्या करायला जायची. तिच्या आयुष्यात शाळा म्हणजे हे पाच तास होते. मी इतकी वर्षं समजत होते की शाळा मुलासाठी असते. ती आईसाठी पण असते, आणि बंद झाली तेव्हा आईचे पाच तास बंद झाले. अभ्यास बुडला म्हणून सगळ्यांनी हळहळ केली, या पाच तासांबद्दल मला आजपर्यंत कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की मुलं मागे पडली का, तर मी आधी हे सांगते.

मागे पडली का? पडली. लोहियानगरचा एक मुलगा, त्याला संडासला जायचं सांगता यावं म्हणून मी आणि आमच्या मावशींनी दीड वर्ष घालवलं होतं, घड्याळ लावून दर पाऊण तासाने न्यायचं, आणि मार्चमध्ये तो स्वतः हात धरून न्यायला लागला होता. घर दहा बाय दहाचं, संडास सार्वजनिक. त्याच्या आईने घाबरून त्याला परत डायपर लावला. मी तिला काय म्हणणार? ऑगस्टमध्ये सिरो सर्व्हेचा, म्हणजे रक्ताच्या पाहणीचा रिपोर्ट आला, शहरातल्या पाच प्रभागांमध्ये तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडीज सापडल्या होत्या, म्हणजे त्यांना कोरोना होऊन गेला होता, आणि त्या पाचात लोहियानगर-कासेवाडी होतं, आणि जिथे संडास सामायिक तिथे प्रमाण जास्त. आईची भीती बरोबर होती आणि दीड वर्षाची मेहनत गेली, दोन्ही खरं.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलीचं नुकसान तर आकड्यात मोजता येईल असं आहे. तिच्या पायाचे स्नायू रोज ताणावे लागतात, नाहीतर आखडतात. फिजिओथेरपी बंद झाली, आई करायची पण आईला मनापासून जोर लावायची भीती, मुलगी ओरडते ना. त्यात ती उंच झाली आणि पायांना आधार देणारे स्प्लिंट लहान पडले, नवीन मापं घ्यायला कुणी येत नव्हतं. दीड वर्षाने तिला परत बघितलं तेव्हा टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. हे कुठल्याही ऑनलाइन वर्गाने टळलं नसतं.

आणि एक जण सुधारला, तेही लिहिलं पाहिजे. एक मुलगा, शाळेत कानावर हात ठेवून कोपऱ्यात बसायचा, घरी राहिल्यावर शांत झाला, चार महिन्यांत दोन-दोन शब्द जोडून बोलायला लागला. आमची शाळा त्याच्यासाठी फार गोंगाटाची होती हे आम्हाला तो शाळेत नसताना कळलं. मला वाईट वाटलं, पण कबूल करावं लागलं. आता तो तीनच तास येतो आणि त्याच्यासाठी एक शांत खोली केली आहे.

मास्कबद्दलही खूप जण विचारतात. आमच्या काही मुलांना शर्टाचं लेबलसुद्धा टोचतं, त्यांनी नाकावर कापड कसं सहन करायचं? आम्ही पाच सेकंदांपासून सुरुवात केली. आईने रुमाल तोंडाशी धरायचा, पाच आकडे मोजायचे, काढायचा, आवडीचं गाणं लावायचं. मग दहा. एकाला वीस मिनिटांपर्यंत यायला तीन महिने लागले. स्वॅबची पण तालीम घेतली, कापूस लावलेली काडी आधी बाहुलीच्या नाकाला, मग आईच्या, मग स्वतःच्या. हे उपयोगी पडलं, कारण एप्रिल २०२१ मध्ये एका घरात आई-वडील दोघं पॉझिटिव्ह आले आणि डाऊन सिंड्रोमची मुलगी निगेटिव्ह. तिला ठेवायचं कुठे? एका ठिकाणी फोन केला तर अशी मुलगी आम्ही एकटी ठेवू शकत नाही म्हणाले, आजी ७४ वर्षांची, तिच्याकडे पाठवायची भीती, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्यांना हा आजार जास्त जड जातो हे एव्हाना माहीत झालेलं. शेवटी आई डबल मास्क लावून तिच्यासोबत एका खोलीत राहिली, वडील दुसरीकडे. मुलगी वाचली, तिला काही झालं नाही. त्या चौदा दिवसांत मी रोज रात्री फोन करायचे आणि ती विचारायची, ताई, आई हसत का नाही? आई हसत होती, मास्कच्या आत.

शाळा नीट सुरू व्हायला २०२२ उजाडलं. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे परत सगळं लांबलं, आमची सगळी मुलं रोज यायला मार्च आला. पहिल्या दिवशी तो व्हॅनवाला मुलगा, आता पंधराचा, मिसरूड फुटलेला, माझ्याकडे बघेना. मी मैदानाच्या पलीकडे लांब उभी राहून मास्क खाली केला. तो आला आणि माझ्या हनुवटीला बोट लावलं, मग स्वतःच्या जागेवर जाऊन बसला.

सात जण परत आले. आठवा आला नाही.

तो मार्च २०२० मध्ये सोळाचा होता, वर्गातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात तयार. त्याला स्वारगेटहून बालाजीनगरला पीएमपीने, म्हणजे शहर बसने, एकट्याने घरी जायला शिकवत होतो. मी मागच्या सीटवर, तो पुढे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयापर्यंत आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. त्याची शेवटची दोन वर्षं, जी खरी कामाची असतात, ती बंद दाराआड गेली. वाढवून मिळतील का म्हणून मी अर्ज घेऊन दोन ठिकाणी गेले, नियमात बसत नाही असं सांगितलं. मोठ्या मुलांच्या कार्यशाळेत जागा नव्हती, वेटिंग लिस्ट होती. घरी बसून तो जाड झाला, चिडायला लागला, आई आजारी, वडील म्हणाले राहू दे ताई. मला ते राहू देता आलं नाही.

आता तो बाविशीत आहे. शनिवारी मी त्याच्याकडे जाते. बसचं परत सुरू केलंय, तेही उलट्या पद्धतीने, शेवटाकडून. आम्ही स्वारगेटला एकत्र चढतो, पास त्याच्या गळ्यात. पद्मावतीला मी उतरते आणि पुढचा प्रवास तो एकट्याने करतो, बालाजीनगरला त्याचे वडील लांब उभे असतात, त्याला दिसणार नाहीत असे. मी पद्मावतीच्या स्टॉपवर फोन हातात धरून थांबते. ट्रॅफिक असला की दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग वडिलांचा मेसेज येतो, उतरला.

असे अकरा शनिवार झाले. पुढच्या महिन्यापासून मी पद्मावतीच्या आधी, पंचमी हॉटेलच्या स्टॉपलाच उतरणार आहे.