पदर कुठे पडणार ते आधी ठरवायला लागतं

प्रदर्शनात कॅनव्हाससमोर लोक मान तिरकी करून उभे राहतात, हळू आवाजात बोलतात. आणि शेजारीच मी रंगवलेला सिल्कचा स्टोल लावला असेल तर पहिला प्रश्न "धुता येतो का हो?" आणि दुसरा "थोडं कमी होईल का?" हात तोच, रंगाची समज तीच, वेळ तर उलट कापडालाच जास्त लागतो, पण भिंतीवरचं ते आर्ट आणि अंगावरचं ते नुसतं "हॅन्डपेंटेड आहे, छान आहे". आता याचा राग येत नाही असं लिहिणार होते, पण येतो.

कापडाला वेळ का लागतो ते सांगते. सिल्क फ्रेमवर ताणून बसवायचं, मग बारीक तोंडाच्या बाटलीतून गट्टाची रेघ ओढायची, म्हणजे रंग अडवणारी कड. त्या रेघेत केसाएवढी फट राहिली तरी रंग पलीकडे पळतो आणि तो काही परत बोलावता येत नाही. ॲक्रिलिकमध्ये काय, नाही आवडलं तर वाळू द्या आणि वरून दुसरा थर मारा, इथे ती सोयच नाही कारण सिल्कचे डाय पारदर्शक, पांढरा रंग असा नसतोच, पांढरं हवं असेल तर तेवढं कापड कोरं ठेवायचं. ओल्या रंगावर जाडं मीठ टाकलं की मीठ रंग ओढून घेतं आणि मस्त फुलोरे उठतात, पण ते कुठे किती उठतील हे आपल्या हातात नाही. पुण्यातल्या पावसाळ्यात तर अजूनच गंमत, रंग वाळतच नाही, नुसता पसरत राहतो. मग सगळं साध्या कागदात गुंडाळून तासन्‌तास वाफेवर, आणि झाकणावरचं पाणी गुंडाळीवर टपकलं की डाग पडलाच म्हणून समजा. वाफ देऊन, धुऊन, इस्त्री झाली की तेव्हा कुठे खरा रंग दिसतो.

पण खरी डोकेफोड कॉम्पोझिशनची आहे. चित्रात महत्त्वाचं ते साधारण मधे कुठेतरी येतं. साडी साडेपाच मीटरची, तिच्या मधलं बरंचसं निऱ्यांमध्ये गडप! म्हणून मी आधी साधी कॉटनची साडी कुणालातरी नेसवून तिच्यावर खडूने खुणा करते, खांदा इथे, कमरेची घडी इथे, पदर इथपर्यंत, आणि मग ती जमिनीवर पसरून बघते. त्या खुणा इतक्या विचित्र ठिकाणी आलेल्या असतात की विचारू नका. फ्रेमवर एकमेकांपासून हातभर लांब असलेले दोन रंग निऱ्या घातल्यावर एकमेकांना चिकटून बसतात, आणि मग दोघंही बदलतात.

हे कोडं जुनं आहे. पॅरिसच्या गोब्लाँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचा केमिस्ट रंगाई विभाग बघायचा, त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर काळ्यात काही खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड पुस्तकच काढलं आणि पुढे चित्रकारांनी ते डोक्यावर घेतलं. म्हणजे रंगाची ही थिअरी लोकरीच्या धाग्यातून कॅनव्हासवर गेली, हे आर्टवाल्यांना कुणीतरी सांगा.

ती परत कापडावर आणली पॅरिसमधल्या सोनिया देलोने या चित्रकर्तीने. १९११ मध्ये मुलगा झाला तेव्हा तिने त्याच्यासाठी तुकडे जोडून पांघरूण शिवलं, चक्क गोधडीच, जी आज पाँपिदू सेंटरच्या संग्रहात आहे. १९१३ मध्ये तसाच तुकड्यातुकड्यांचा ड्रेस शिवून ती तो घालून बाल ब्युलिए या पॅरिसच्या डान्स हॉलमध्ये नाचायला जायची, कारण हलल्याशिवाय त्या रंगांना अर्थच नव्हता. रशियन क्रांतीनंतर पीटर्सबर्गहून येणारं भाड्याचं उत्पन्न बंद झालं आणि मग माद्रिदमध्ये दुकान, पॅरिसमध्ये कापडाची डिझाइन्स, कोट, स्कार्फ, यावर घर चाललं. लूव्ह्रमध्ये हयातीत प्रदर्शन झालेली पहिली स्त्री चित्रकार ती, पण ते १९६४ मध्ये, म्हणजे ऐंशीला टेकल्यावर. तोवर बऱ्याच जणांच्या लेखी ती नवऱ्याची बायको आणि डेकोरेटिव्ह.

आपल्याकडे धूपछाव साडी नेसणाऱ्या आज्यांना हे सगळं न शिकवता माहीत होतं, उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि चाललं की रंग पलटतो.

माझंही गणित तेच आहे, स्टोल विकले जातात म्हणून कॅनव्हास आणि ऑइलच्या ट्यूबा येतात. पण आता स्टोलला मी "साइड" म्हणणं बंद केलंय, किमतीही वाढवल्यात, घासाघीस करणाऱ्यांना चहा मिळेल, डिस्काउंट नाही. सध्या एका नऊवारीची ऑर्डर आहे आणि डोकं पार उठलंय, कारण काष्टा मागे खोचला की पाठीमागूनही चित्र उभं राहायला हवं. तर पुण्यात कुणाला नीट नऊवारी नेसता येत असेल आणि अंगावर खडूच्या खुणा चालणार असतील तर प्लीज कॉमेंटमध्ये सांगा, चहा-पोहे माझ्याकडून.