आईची तुळस घेऊन माघवारी

आई गेली ऐन रोपलावणीत. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या शिवारात चिखलात वाकलेल्या बायांना हसवून हसवून ती कंबरदुखी विसरायला लावायची. माघ तोंडावर आला तेव्हा दिंडीच्या वीणेकरी काकांनी विचारलं, "तिची तुळस कोण घेणार?" मी हो म्हटलं. माझी लेकही पुण्याहून रजा काढून आली.

आमच्या भातवाल्या गावांना पंढरीची माघवारी जवळची. आषाढी लावणीत सापडते, कार्तिकीला कापणी-मळणी अंगावर असते. माघात भात घरात आलेलं असतं, पाय मोकळे होतात.

संकेश्वर सोडून चिकोडीकडं वळलं की रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. आई डोक्यावर तुळस धरूनच ड्रायव्हरला हाक मारायची, "ओंद कब्ब कोडो तम्मा, इट्टलाला न्हेतो!" तो पोरगा हसत कांडं काढून द्यायचा. थोडं पुढं गेलं की आई म्हणायची, "देवाला दात कुठं हायत गे? खा तुम्हीच." हे मी लेकीला सांगायला गेले, तर तिला ते आधीच पाठ होतं. आजीनं फोनवर कधीच सांगितलेलं. मग तिनं मला माहीत नसलेलं एक सांगितलं. दहावीला मार्क कमी पडले, तेव्हा ती माडीवर रडत बसली होती. आजी वर गेली आणि म्हणाली, "माझ्या वयापेक्षा तरी जास्त पडल्यात न्हवं? मग जेवायला चल."

अंकलीला मात्र आईची छाती फुगायची. ज्ञानेश्वर माउलींच्या आषाढीच्या सोहळ्यातले मानाचे अश्व इथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात, चालत आळंदीला जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. आई दर वारीला इथं थांबून आल्यागेल्याला ऐकवायची, "पालखी त्यांची, खरं घोडे आमचे. आमी न्हाई सोडलं तर रिंगण कसं धरशीला?" मग वाड्याच्या दिशेला तोंड करून मनापासून हात जोडायची. तिची थट्टा आणि तिची भक्ती मला कधी वेगळी करता आली नाही.

कृष्णा ओलांडली की अथणी, उगारकडच्या बाया दिंडीत मिसळतात. त्यांच्या हातातला हरिपाठ कन्नड लिपीत छापलेला, तोंडात शब्द मात्र ज्ञानोबांचेच. आमच्या सीमेवर भाषेवरून माणसं कितीदा तरी दुखावली गेली आहेत. ते दुखणं आमच्याही घरात आहे, मी ते लपवणार नाही. पण आईच्या दिंडीत कानडी-मराठी बाया एका तव्यावर भाकऱ्या भाजायच्या आणि विनोद दोन्हीकडं पोचला का, हे पाहिल्याशिवाय ती पुढं बोलायची नाही.

कागवाड गेलं, म्हैसाळ, मिरज मागं पडलं. कवठेमहांकाळच्या द्राक्षबागा संपून सांगोल्याकडची डाळिंबं दिसायला लागली, तसे लेकीचे पाय सुजले. उगारच्या अक्कांनी तिचे तळवे मांडीवर घेऊन तेल चोळलं. चोळता चोळताच विचारलं, "तुज्या आज्जीनं रुक्मिणीचं सांगिटलं काय?"

नव्हतं सांगितलं. मलाही नाही.

अक्कांनी पदर खोचला, आईसारखी मान तिरकी केली आणि थेट आईच्याच आवाजात सुरू झाल्या, "बगा गे, रुक्मिणी रुसून दुसऱ्या देवळात बसलीया. हा अठ्ठावीस युगं कमरेवर हात ठेवून हुभा. ती बोलवीना, ह्याला जावं वाटंना. गावोगावची माणसं पाय मोडून बगायला येत्यात, खरं एकानं तरी सांगिटलं काय, 'बाबा, जा की, माफी माग'?"

सगळी राहुटी फुटली. लेक तर डोळे पुसत हसत होती, आणि बाहेरून वीणेकरी काका ओरडले, "झोपा गे आता, पहाटं काकडा हाय!" तशी अक्का म्हणाल्या, "हेला पण रुक्मिणीकडंच पाठवायला पायजे."