१० टक्के की २०.८? एका जर्मन बिलाचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्याचे हिशेब मी पाहतो. जानेवारी २०२४ मध्ये एका जर्मन कंपनीचे तांत्रिक सेवेचे ८,००० युरोंचे बिल आले आणि टीडीएस किती कापायचा, यावर गाडी अडली. वित्त अधिनियम २०२३ नंतर तेव्हाच्या, म्हणजे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील दर २० टक्के, उपकर धरून २०.८, एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून झालेल्या भारत-जर्मनी करारातील दर मात्र १० टक्के. फरक ८६४ युरोंचा, आणि तो सोसायला जर्मन मंडळी तयार नव्हती.

बँकेतील साहेबांचे म्हणणे असे, की संसदेने दर वाढवला म्हणजे १९९५ चा करार मागे पडला. ते ऐकून मीही डगमगलो. आमच्या सीए मॅडमनी त्याच कायद्याचे कलम ९०(२) उघडून समोर ठेवले: ज्या देशाशी करार आहे तिथल्या करदात्याला प्राप्तिकर कायद्यातील तरतूद अधिक फायद्याची असेल तेवढ्यापुरतीच लागू होते. म्हणजे करार स्वतःच्या बळावर वरचढ ठरत नाही, कायदाच त्याला वाट करून देतो. ऑक्टोबर २०२३ मधील नेस्ले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच काटेकोरपणे मांडले होते, की अधिसूचना निघाल्याशिवाय कराराचा लाभ इथे आपोआप लागू होत नाही. आमचा १० टक्के दर अधिसूचित करारातच होता, म्हणून तो पेच आम्हाला पडला नाही.

खरी दमछाक कागदांनी केली. करारातील दर मिळवायला कंपनी जर्मनीचीच करदाती असल्याचे रहिवास प्रमाणपत्र लागते; आलेले प्रमाणपत्र २०२३ या कॅलेंडर वर्षाचे होते, कारण तिकडचे करवर्ष जानेवारीत सुरू होते. आमचे बिल २०२४ चे. दुसरे प्रमाणपत्र यायला पाच आठवडे गेले. दरम्यान कराराचा लाभ घेणाऱ्या परदेशी कंपनीचा तपशील देणारा फॉर्म १०एफ प्राप्तिकर पोर्टलवर भरायचा होता आणि भारतात त्यांचे कायमस्वरूपी आस्थापन, म्हणजे व्यवसायाचे कायमचे ठिकाण, नसल्याचे पत्रही हवे होते.

जर्मन कंपनीकडे पॅन नसल्यामुळे कलम २०६एए, म्हणजे पॅन नसेल तर चढ्या दराने टीडीएस कापायला लावणारे कलम, आडवे येईल, ही भीती होतीच. या कलमाने करारातील दर मोडत नाही, असे पुण्याच्याच न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात म्हटले होते, आणि पॅन नसलेल्या परदेशी कंपनीने ठरावीक माहिती दिल्यास त्या कलमातून सूट देणारा नियम ३७बीसी २०१६ पासून होता. जर्मन कर-क्रमांक, पत्ता, ईमेल आणि ते प्रमाणपत्र दिल्यावर काम भागले.

रक्कम ५ लाख रुपयांच्या वर असल्याने मॅडमनी फॉर्म १५सीबी, म्हणजे कराबद्दलचे सीएचे प्रमाणपत्र, दिला आणि मी परदेशी पैसे पाठवण्याबद्दलचे घोषणापत्र, फॉर्म १५सीए, भरला. ८०० युरोंइतका कर रुपयांत जमा झाला, ७,२०० युरो रवाना झाले. बँकेतील साहेबांनी कलम ९०(२) ची प्रत मागून घेतली.